बिनकारणाचा बाजा

१४ मे १९४८, हिंगोली

मास्तर भर उन्हात तांड्यावरून आले. चेहरा असा, की शकूचं लग्नच जमवून आले. "नाईक हो म्हणाला. नगारे देतो, वाजवणारेही देतो." मी म्हटलं, आधी जेवा. नगारे पानात वाढता येत नाहीत.

कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सगळं गाव दिवेलागणीच्या आत कड्या लावून बसतंय. लोकांनी पोरीबाळी हद्दीपलीकडे वऱ्हाडात पोचवल्या. आमची शकू वाशिमला माझ्या बहिणीकडे. आणि माझा नवरा, एके काळी छावणीच्या बँडातला कॉर्नेटवाला, हल्ली वरातीच्या बँडचा मास्तर, साठेक माणसांनी मिळून वाजवायची एक नवीकोरी रचना बांधतोय.

हसतेय मी. भीती वाटली की मला हसू येतं. जुना रोग.

१७ मे

ही रचना म्हणजे काय, ते आज त्यांच्याकडून नीट काढून घेतलं. तांड्याचे नगारे, सेनगावच्या गोंधळ्यांचे संबळ, साखरा गावचे टाळकरी, दोन घरांच्या सनया, आणि आपला बँड. यातल्या एकालाही लिहिलेलं वाजवता येत नाही. म्हणून मा. (दरवेळी मास्तर कोण लिहील) ज्याच्या त्याच्या गावी जाऊन ज्याचा त्याचा तुकडा तोंडाने शिकवतात. दुसरा काय वाजवणार, हे कोणालाच ठाऊक नाही.

"लिहून तरी ठेवा."

"लिहिलं तर सापडेल. रेघांवर काळे ठिपके. काय म्हणून सांगू?"

म्हणजे सगळा बाजा एका डोक्यात. आणि ते डोकं दर दोन दिवसांनी बैलगाडीत बसून त्या रस्त्यांवर फिरतं, जिथे लॉऱ्या भरून पाहुणे फिरतात. (बोलावणं नसताना बंदुका घेऊन येतात, जेवतात, हवं ते उचलतात. नाव लिहायची सोय नाही. पाहुणेच म्हणेन.)

२६ मे

मा. चौकीवर परवानगी मागायला गेले होते. दारोग्याने विचारलं, "मौका काय? शादी? उर्स? जुलूस?"

"काही नाही साहेब. ऐकायला."

"बिनवजह?"

"जी."

"साठ आदमी बिनवजह जमा होतात, त्याला आमच्या दफ्तरात दुसरा लफ्ज आहे, मास्तर. वजह घेऊन या."

या मुलखात मरायला कारण लागत नाही, वाजवायला लागतं. पूर्वी असं वाक्य सुचलं की पलीकडच्या साप्ताहिकाला धाडायची, पुरुषाच्या नावाने. आता टपाल फोडतात. म्हणून इथे. ही वही पिठाच्या डब्यात असते. पिठात मला काय लिहायचं असतं, हे अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही.

१ जून

वजह सापडली. दसरा. दसऱ्याला दरसाल वाजंत्री असतात, त्याला कोणी काहून म्हणत नाही. मा. खूश. मी दसऱ्यापर्यंतचे महिने मनात मोजले आणि मोजणं सोडून दिलं.

९ जून

उस्मानभाई आले. छावणीच्या बँडात मा. कॉर्नेट आणि हे क्लॅरिनेट, मिसरूड फुटलं तेव्हापासूनची जोडी. बसले मागच्या खोलीत, क्लॅरिनेटच्या तोंडात फडकं कोंबून. आवाज बाहेर जायला नको म्हणून.

"भाभी, हे गाणं नाही. तोंड दाबून रडणं आहे."

मी चहा देऊन तिथेच बसले. मा. पेटीवर बाकीच्यांचं वाजवत होते. एक सूर वर चढतो, दुसरा उतरतो, तिसरा जागचा हलत नाही, आणि तरी तिघांचं भांडण नाही. छावणीतल्या गोऱ्या बँडमास्तराकडून उचललेली विद्या. मी म्हटलं, असा प्रकार या जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही. आपल्या घरात तर दोघंच आहोत.

मधोमध एक जागा आहे. तिथे साठही माणसं गप्प होतात आणि एकटं क्लॅरिनेट राहतं. ते ऐकलं. विनोद सुचला नाही.

"ही जागा उस्मानचीच," मा. म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या फुंकरीत हे नाही."

२ जुलै

काल लॉरी आमच्या दारावरून गेली. दोनदा. दुसऱ्यांदा हळू. मा. सेनगावला.

काही लिहवत नाही.

३ जुलै

आले. गोंधळी म्हणतात, देवीचं नाव घेतल्याशिवाय संबळाला हात लावणार नाही. मा. म्हणाले, घ्या. किती वेळ घेता? ते म्हणाले, देवी सांगेल तेवढा. आता रचनेत देवीसाठी जागा काढायची चालू आहे. नवरा जिवंत आला, एवढ्यावर मी देवीला हवी तेवढी जागा द्यायला तयार आहे.

१९ जुलै

बाजाराला आलेले साखऱ्याचे गणपत आबा दारात येऊन टेकले. टाळकऱ्यांचे म्होरके. म्हातारा तोंडाचा तिखट, माझ्या जातकुळीतला.

"मास्तर, तुमी आमाला निसतं बसवून ठेवता. एक डाव ठण्ण, मंग वाट पहा. परत ठण्ण, परत वाट पहा. हे भजन हाय का वावराची राखण?"

"मधे दुसरे वाजवतात, आबा."

"काय वाजवतात ते तरी कानावर घाला."

"दसऱ्याला कळेल."

"तवर आमी बह्यरे व्हय?" मग माझ्याकडे वळून, "मास्तरीणबाई, तुमाला सांगतात का काही?"

म्हटलं, मला फक्त जेवायला कधी येणार ते सांगतात. तेही खोटं.

पुष्कळ दिवसांनी घरात माणसं हसली. जाताना आबांनी सांगितलं, सून बाळंत झाली, नातू आहे.

२२ ऑगस्ट

मा. संध्याकाळी तांड्यावर होते. परत आले ते पावसात भिजलेले आणि आनंदाने येडे. "आज सुरुवात जमली! नुसते नगारे. आधी एकच, लांबून आल्यासारखा, मग दुसरा, मग तिसरा, आणि वाढत वाढत…" मांडीवर वाजवून दाखवत राहिले. भात गार झाला.

२३ ऑगस्ट

हे कसं लिहू.

सकाळी गणपत आबा दारात. चिखलाने माखलेले, सोबत थोरला मुलगा किसन आणि आणखी दोघं. आबांच्या हाताला फडकं, रक्त. मला वाटलं पाहुणे येऊन गेले.

साखऱ्याने आपसात ठरवून ठेवलं होतं, पाहुणे दिसले की कोणीतरी नगारा बडवायचा. ऐकला की कोणी कोणाला विचारायचं नाही, लेकरं उचलायची आणि ज्वारीत शिरायचं. काल सांजच्याला तांड्याच्या अंगाने नगारा आला. आधी एक, मग दुसरा, मग वाढत वाढत.

सगळं गाव ज्वारीत. पावसात. सकाळपर्यंत. आबांची सून ओली बाळंतीण, पोराचं तोंड हाताने दाबून चिखलात बसली.

"लेकरू निळं पडलं व्हतं, मास्तर," किसन म्हणाला. "आता बरं हाय. पर ती हात काढंना त्याच्या तोंडावरून. उजाडलं तरी काढंना."

मा. भिंतीला टेकले. त्यांनी सांगितलं. तो नगारा म्हणजे आपल्या बाजाची सुरुवात होती. त्याच्यानंतर तुमचे टाळ येतात.

मग त्यांच्यातला एकजण हसला. "म्हंजे आपल्याच गाण्याला भिऊन आपन पळालो व्हय?" दुसरा हसला, मग आबा हसले, आणि हसता हसता आबा रडायला लागले, लहान पोरासारखे. किसन हसला नाही. तो माझ्या नवऱ्याकडे पाहत होता.

२५ ऑगस्ट

नेलं. जेवताना. दारोग्याची माणसं म्हणाली, नगारा वाजला आणि गाव रिकामं झालं, म्हणजे हा इशारा. इशारा मास्तरने बसवला. साखऱ्याचीही दोन माणसं नेली आहेत.

मा. हात धुवायला उठले तर धुऊ दिले नाहीत. ताट तसंच आहे. उचलवत नाही.

२६ ऑगस्ट

उस्मानभाईंच्या घरी गेले. पदर डोक्यावर घेऊन पाया पडले. म्हटलं, दारोगा तुम्हाला ओळखतो, तुमचा शब्द चालेल. मास्तरांना सोडवा.

त्यांची बायको दारात हात आडवा लावून उभी. "भाभी, इनको कायकू भेजते?"

उस्मानभाईंनी क्लॅरिनेटची पेटी बंद करून कोनाड्यात सरकवली. "आत जायला काही नाही, भाभी. आतले ओळखतात. पण बाहेरचेही बघत असतात, कोण आत जातं, कोण येतं."

मला तिथे ते कळलं नाही, घरी आल्यावर कळलं. कळलं असतं तरी मी गेले असते का परत? टोपी घालून निघाले ते.

२८ ऑगस्ट

उस्मानभाई सकाळ-संध्याकाळ चौकीत. मी खिडकीच्या फटीतून रस्ता बघते. रस्त्यावरचे उस्मानभाईंना बघतात.

२९ ऑगस्ट

सोडलं. वरचा ओठ फाटलेला, समोरचा दात हलतोय. कॉर्नेट संपली म्हणायची. "मी कुठे वाजवणार होतो," म्हणाले. खोटं.

दारोग्याने सांगितलं म्हणे, पूर्ण बाजा म्हणून दाखव. मा. नी म्हणून दाखवला. फुटक्या ओठाने, नगारे, संबळ, टाळ, सनया, सगळं. समोर कारकून बसून लिहीत होता, ढम, ढम, ढम ढम. शेवटी दारोगा म्हणाला, "यात सरकारच्या खिलाफ काय आहे ते मला समजत नाही. म्हणजे जरूर काही तरी असणार." टीकाकारांत असा प्रामाणिकपणा मला आढळलेला नाही.

उस्मानभाईंच्या हमीवर सुटका. साखऱ्याच्या दोघांचं काही कळत नाही.

१५ सप्टेंबर

विमानं. खूप उंच. बाजार बंद. मा. आढ्याकडे बघत म्हणाले, "खर्जातला सा." मी ओरडले त्यांच्यावर. उगीच.

२० सप्टेंबर

पाहुणे गेले! हद्दीपलीकडून युनियनची फौज आली, आणि लॉऱ्या, बंदुका, दारोगा, सगळं कुठल्या कुठे. मी रस्त्याकडची खिडकी पूर्ण उघडली. बिजागरी गंजली होती, बत्त्याने ठोकावी लागली. शकूला पत्र टाकलं. मा. कोपऱ्यात बसून दसऱ्याचे दिवस बोटांवर मोजत होते.

२४ सप्टेंबर

खिडकी पुन्हा ओढून घेतली आहे.

बाजारात एक शब्द ऐकला, चौकीचा माणूस. कोण, म्हणून विचारलं तर वाणी म्हणाला, "तो क्लॅरिनेटवाला. रोज आत-बाहेर करायचा. मास्तरीणबाई, तुमच्या घरासमोरूनच की."

जिरं घेतलं आणि घरी आले.

२७ सप्टेंबर

उस्मानभाईंच्या घराची कौलं फोडली. कोणी, ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे कोणालाच माहीत नाही. ते बायकोला घेऊन गेले. वारंगा फाट्याच्या पुढे मेव्हण्याचं खेडं आहे, तिकडे, असं मा. ना वाटतं. क्लॅरिनेटची पेटी पहाटे आमच्या ओट्यावर सापडली.

पाहुणे बदलले. ही मंडळी बोलावल्यावाचून येतात ती आपल्याच आळीतून. त्यांना कोणत्या नावाने लिहू?

१ ऑक्टोबर

साखऱ्याचा किसन काही पोरं घेऊन गावोगाव हिंडतोय, चौकीची माणसं शोधत. साखऱ्याचे ते दोघे परत आले नाहीत. येणारही नाहीत असं आता म्हणतात. किसन म्हणतो, नगाऱ्याची चुगली उस्मानने केली, आणि आपल्या मास्तराला तेवढं सोडवून आणलं.

मा. ना म्हटलं, बँडात दुसरा क्लॅरिनेटवाला आहे. म्हणाले, "आहे. चांगला आहे." मग दिवा बारीक करत, "त्या जागी मग काहीच वाजवणार नाही. साठ माणसं गप्प बसतील. लोकांना कळू दे कोण नाही ते."

मला ते गप्प बसणं डोळ्यांसमोर आणवेना.

५ ऑक्टोबर

म्हटलं, तुम्ही साखऱ्याला जाऊन सांगा. उस्मानभाई चौकीत गेले ते मी धाडलं म्हणून गेले.

"मी सांगितलं तर म्हणतील, मास्तर बाजासाठी खोटं बोलतो."

खरं आहे. म्हणजे सांगायचं मला. कागदावर मी भल्याभल्यांची सालं काढली. चारचौघांत नुसतं नाव विचारलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते. या नव्या मंडळींसमोर, एका बाईने, उस्मानभाईंच्या बाजूने. उद्या आमची कौलं.

मा. फाट्याकडे निघतायत, उस्मानभाईंना आणायला. मी म्हटलं, तुम्ही येडे आहात. म्हणाले, "बराबर."

८ ऑक्टोबर

साखऱ्याला जाऊन आले. एकटी. पारावर दहा-पंधरा पुरुष, कडेला आबा. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून आवाजच निघेना. आबा म्हणाले, "पानी द्या रे बाईला."

सांगितलं. नवऱ्याला नेलं तेव्हा मी उस्मानभाईंच्या पाया पडले. मी धाडलं. त्यांनी कोणाची चुगली केली नाही. ते स्वतःहून एकदाही गेले नाहीत.

किसन उठला. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"मास्तरीणबाई, तुमचा मानूस सुटला. आमच्या गावचे दोघं न्हाई सुटले. त्यांच्यासाठी कोन गेलं चौकीत?"

मी एकाच माणसासाठी गेले होते. पारावर सगळे माझ्याकडे बघत होते. दाराआडून आबांची सून बघत होती, कडेवर पोर. गुटगुटीत झालंय.

"कोनी न्हाई," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच आलं.

आबा शेवटी म्हणाले, "दसऱ्याला टाळ आनायचे का न्हाई, ते बघू." एवढंच. किसन कोणाचंही ऐकत नाही, हे गाडीवानाने वाटेत सांगितलं.

११ ऑक्टोबर

मा. चा पत्ता नाही. निरोप नाही. फाट्याकडून आलेल्या एका गाडीवानाला विचारलं. "रस्त्यानं लई मानसं हिंडून राहिली, बाई," म्हणाला. कसली माणसं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

उद्या दसरा.

दसरा. मैदानावर, पेन्सिलीने.

हात रिकामे ठेववत नाहीत, म्हणून लिहितेय.

तांड्याची माणसं आलीत, नगारे गाडीत झाकून. गोंधळी आलेत. सनयावाले आलेत, बँडही. मा. नी जायच्या आधीच चुन्याने जागा आखून ठेवल्यात, सुरांप्रमाणे. नगाऱ्याशेजारी टाळ, संबळाला लागून सनया. आखलेल्या जागी एकही माणूस बसलेला नाही. सगळे जातीप्रमाणे बसलेत, ज्याची त्याची घागर घेऊन. चुना उन्हात चमकतोय.

साखऱ्याची जागा मोकळी. क्लॅरिनेटची पेटी माझ्या मांडीवर.

गोंधळी विचारून गेला, "मास्तर कुठायत, बाई?" येतील म्हटलं. दुसऱ्यांदा विचारून गेला. नाईकाने कातडं ताणलंय का ते बघायला नगाऱ्यावर हलकी थाप मारली. रस्त्याने जाणाऱ्या दोन बाया जागीच थबकल्या, पोरांना जवळ ओढलं. नाईकाने तळवा कातड्यावर ठेवून आवाज दाबला.

आता.

फाट्याच्या रस्त्याला धूळ. गाडी आहे. पुढे बसलेले मा.च, ते बसणं मी लांबूनही ओळखते. मागे घोंगडीखाली काही तरी आहे. उस्मानभाई असतील. गवत असेल.

आणि साखऱ्याच्या वाटेने माणसं, पुष्कळ, एका घोळक्याने. पुढे किसन असावा. आबा दिसत नाहीत. ऊन माझ्या डोळ्यांवर येतंय. त्यांच्या हातांत काही तरी लकाकतंय. टाळ लकाकतात. कुऱ्हाडीही. गाडी आणि ते, दोघे या मैदानापाशीच मिळणार.

नाईकाकडे गेले. म्हटलं, सुरू करा.

"मास्तर येऊ द्या की."

"सुरुवात नगाऱ्याची आहे. मास्तरांची नाही."

"अन् ते?" त्याने साखऱ्याच्या वाटेकडे हनुवटी केली.

"त्यांच्यासाठीच. नगाऱ्यानंतर त्यांचे टाळ आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काठ्या उचलल्या. एक नगारा. हळू, लांबून आल्यासारखा. मग दुसरा.

साखऱ्याची माणसं रस्त्यात थांबलीत. पळत नाहीत. पुढेही येत नाहीत. तिसरा नगारा लागला.

गाडी मात्र येतेच आहे.